प्रत आहे, पण ती शाबूत आहे का हे कोण तपासते?

गेल्या पावसाळ्यात एका मुलाची जात पडताळणीची फाइल तयार करताना आम्ही चांगलेच अडकलो. त्याच्या आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा काही वर्षांपूर्वी आम्हीच स्कॅन करून ठेवला होता. मूळ कागद घरात वाळवीने खाल्ला होता, त्यामुळे सगळी भिस्त त्या स्कॅनवर होती. फाइल हार्ड डिस्कवर जागच्या जागी होती. नाव तेच, तारीख तीच, आकारही तेवढाच. उघडली तेव्हा वरचा थोडा भाग दिसला आणि खाली नुसती करडी पट्टी. आजोबांचे नाव दिसत होते, पण जातीचा रकाना पट्टीखाली गेला होता.

घाईघाईने पेनड्राइव्हवरची दुसरी प्रत काढली. तीही तशीच निघाली. कारण ती प्रत मूळ फाइल बिघडल्यानंतर घेतलेली होती. म्हणजे दोन वर्षे आम्ही एक बिघडलेली फाइल मोठ्या काळजीने जपत होतो.

शेवटी त्या मुलाच्या वडिलांनी शाळेत तीन हेलपाटे घातले, तीन दिवसांची मजुरी बुडवली आणि नवा उतारा मिळवला. मुलाचे काम झाले. पण शाळेचे रजिस्टर सापडले नसते तर? त्या घरासाठी आमचे उत्तर काय असते? 'आमच्याकडे बॅकअप होता' हे?

हा प्रश्न आमच्यापुरता नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या वस्तीतला बहुतेक दस्तऐवज पत्र्याच्या पेटीतून मोबाइल, पेनड्राइव्ह आणि हार्ड डिस्कमध्ये गेला. जातीचे दाखले, जुने सातबारे, शिष्यवृत्तीचे अर्ज, अत्याचाराच्या प्रकरणांतले व्हिडिओ, विहाराच्या ग्रंथालयातील जुन्या अंकांचे स्कॅन, ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती, सगळे तिथेच आहे. सरकारचेही तेच झाले आहे. प्रती काढण्याचा उत्साह सगळीकडे आहे. ठेवलेली प्रत आजही जशीच्या तशी आहे का, हे ठरावीक काळाने तपासणारा माणूस मात्र जवळपास कुठेच नाही.

आग दिसते, कुजणे दिसत नाही

२६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन शहरात सरकारच्या राष्ट्रीय डेटा केंद्राला आग लागली. लिथियम-आयन बॅटऱ्या हलवण्याचे काम सुरू असताना ती भडकली. सरकारच्या ७०९ संगणक प्रणाली बंद पडल्या, त्यातल्या ९६ थेट आगीत सापडल्या. सर्वांत मोठा फटका बसला तो 'जी-ड्राइव्ह' या साठवणुकीला. सरकारी कर्मचाऱ्यांनी कामाच्या फायली स्वतःच्या संगणकावर न ठेवता इथेच ठेवाव्यात, असे धोरण होते. तिथे ८५८ टेराबाइट माहिती होती आणि तिची बाहेर कुठेही दुसरी प्रत नव्हती. साठा फार मोठा असल्याने बाहेरचा बॅकअप ठेवता आला नाही, असे कारण पुढे आले. जगात तंत्रज्ञानाच्या बाबतीत सर्वांत पुढे मानल्या जाणाऱ्या देशांपैकी एकाची ही अवस्था.

आपल्याकडचे उदाहरण दिल्लीच्या एम्सचे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी तिथल्या संगणकांवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली, असे सरकारने संसदेत सांगितले. कित्येक दिवस नोंदणी, तपासण्या, अहवाल हे सगळे काम हाताने चालले. तरीही रुग्णांच्या नोंदी परत मिळाल्या, कारण एक बॅकअप सर्व्हर हल्ल्यातून वाचला होता. देजॉन आणि एम्स यांच्यात फरक पडला तो त्या एका वेगळ्या, सुरक्षित राहिलेल्या प्रतीने.

पण आग असो की हल्ला, या घटना निदान दिसतात. दुसऱ्या दिवशी बातमी येते, चौकशी लागते. आमच्या हार्ड डिस्कवर जे झाले त्याला ना धूर होता, ना इशारा. संगणकाच्या भाषेत त्याला 'सायलेंट डेटा करप्शन' म्हणतात. फाइल असते, पण आतला मजकूर हळूच बदललेला असतो. कुणी उघडून पाहत नाही तोपर्यंत ते कळतही नाही.

एक बिट बदलला तर

संगणकात प्रत्येक अक्षर शून्य आणि एक यांच्या रांगेत साठवले जाते. या रांगेतल्या एका घराला बिट म्हणतात. युनिकोड या प्रमाण पद्धतीत मराठीतल्या 'क' आणि 'ग' या दोन अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांत फक्त एका बिटाचा फरक आहे. म्हणजे एका जागी शून्याचा एक झाला, तर 'कांबळे' या आडनावाचे 'गांबळे' होते. तसेच 'शून्य' आणि 'एक' या अंकांच्या संकेतांतही एकाच बिटाचे अंतर आहे. १९५० चे १९५१ व्हायला तेवढे पुरते.

आता हा फरक आपल्यासाठी किती मोठा आहे ते पाहा. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाव्यासाठी १० ऑगस्ट १९५० ही मानीव तारीख धरली जाते. त्याआधीची नोंद हा सर्वांत भक्कम पुरावा मानला जातो. नोंद १९५० च्या जूनमधली असेल तर ती त्या रेषेच्या अलीकडे, १९५१ ची दिसली तर पलीकडे. साठवणुकीच्या डबीतल्या एका कणाने इतका पल्ला गाठता येतो.

हे घडते कसे? कारणे साधी आहेत. पेनड्राइव्ह 'इजेक्ट' न करता ओढून काढला. प्रत निघत असताना वीज गेली. केबल सैल होती. संगणकाच्या मेमरीत दोष होता आणि प्रत तिथून जाताना बिघडली. पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डमध्ये माहिती विद्युतभाराच्या रूपात असते. वर्षानुवर्षे ते कपाटात पडून राहिले की हा भार हळूहळू गळतो. सीडीचा थर उडतो. अंतराळातून येणाऱ्या किरणांच्या कणामुळेही मेमरीतला एखादा बिट पलटू शकतो.

शेवटचे कारण कुणाला कादंबरीतले वाटेल. पण १८ मे २००३ रोजी बेल्जियमच्या निवडणुकीत, ब्रुसेल्सजवळच्या शारबेक इथे एका उमेदवाराला ४,०९६ मते जास्त मोजली गेली. तिच्या पक्षाच्या यादीला जितकी मते पडली त्याहून तिची वैयक्तिक मते जास्त दिसत होती, म्हणून चूक पकडली गेली. ४,०९६ म्हणजे दोनचा बारावा घात. बरोबर एक बिट पलटला की संख्येत नेमकी इतकी वाढ होते. तज्ज्ञांना सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडला नाही, आणि बिट आपोआप पलटला असावा हेच स्पष्टीकरण उरले. यातला धडा किरणांचा नाही. चूक सापडली ती ताडून पाहायला दुसरा आकडा हाताशी होता म्हणून. तो आकडा नसता तर ती मते खरी ठरली असती.

असे अपवादाने घडत असेल, असेही समजू नका. युरोपातील सर्न या अणुसंशोधन संस्थेने २००७ मध्ये स्वतःच्या साठवणुकीची तपासणी केली. सुमारे ३३,७०० फायली तपासल्यावर २२ फायली मूळाशी जुळत नव्हत्या. म्हणजे साधारण दीड हजारांत एक. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात १५ लाखांहून अधिक हार्ड डिस्क ४१ महिने पाहिल्या गेल्या आणि चार लाखांहून अधिक ठिकाणी साठवलेला मजकूर आपल्या तपास-अंकाशी जुळला नाही. ही व्यावसायिक दर्जाची, देखभालीतली यंत्रणा होती. आपल्या संघटनेच्या कपाटातल्या स्वस्त पेनड्राइव्हचा हिशेब ज्याने त्याने मनाशी करावा.

बॅकअप म्हणजे पडताळणी नव्हे

'आमचे सगळे ड्राइव्हवर आहे' किंवा 'तीन ठिकाणी कॉपी आहे' ही वाक्ये आपण रोज ऐकतो. पण प्रत काढणारे यंत्र बरोबर-चूक पाहत नाही. समोर जे आहे ते ते उचलते. बिघडलेली फाइल असेल तर बिघाडाचीच इमानदार नक्कल होते, आणि आपोआप चालणारा बॅकअप असेल तर ही नक्कल जुन्या चांगल्या प्रतीच्या डोक्यावर बसते. आमचे नेमके हेच झाले.

मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत एका कर्मचाऱ्याकडून चुकीच्या सर्व्हरवरची माहिती पुसली गेली. तेव्हा लक्षात आले की कंपनीने लावून ठेवलेल्या बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही नीट चालत नव्हती. कुणीतरी काही तासांपूर्वी योगायोगाने घेतलेली एक प्रत होती, म्हणून नुकसान सुमारे सहा तासांच्या माहितीपुरते राहिले. या कंपनीने सगळी चूक जगासमोर मांडली, हे तिचे मोठेपण. पण त्यातून कळते ते हेच की परत काढून पाहिला नाही तो बॅकअप हा बॅकअप नसतो, समजूत असते.

ठसा आणि चावडी वाचन

यावर उपाय आहे, जुना आहे आणि फुकट आहे. त्याचे नाव हॅश व्हॅल्यू. आपण त्याला फाइलचा ठसा म्हणू. एखादी फाइल ठरावीक गणिती पद्धतीतून घातली की एक छोटी ओळ मिळते. 'एसएचए-२५६' या पद्धतीत ती ६४ अक्षरांची असते. तीच फाइल जगात कुठेही, कितीही वेळा घाला, ओळ तीच येते. फाइलमधला एक स्वल्पविराम, चित्रातला एक ठिपका बदलला तरी सगळी ओळ बदलते. म्हणून आज घेतलेला ठसा लिहून ठेवला आणि वर्षाने पुन्हा घेतला, की फाइल शाबूत आहे की नाही हे क्षणात कळते. फाइल उघडून वाचण्याचीही गरज नसते. विंडोज आणि लिनक्समध्ये ही सोय आधीपासूनच असते, मोबाइलसाठी मोफत ॲप मिळतात.

काही साठवण पद्धती हे काम स्वतःच करतात. झेडएफएससारख्या पद्धतीत मजकुराच्या प्रत्येक तुकड्याबरोबर त्याचा तपास-अंक ठेवला जातो. ठरावीक काळाने सगळी डिस्क वाचून अंक जुळवले जातात आणि न जुळणारा तुकडा दुसऱ्या चांगल्या प्रतीवरून दुरुस्त होतो. आपल्या रोजच्या पेनड्राइव्ह आणि साध्या हार्ड डिस्कच्या मांडणीत फायलींच्या आतल्या मजकुरासाठी अशी सोय नसते. म्हणजे ते काम माणसांनीच केले पाहिजे.

यात परके काही नाही. महाराष्ट्रात सातबारा संगणकावर आला तेव्हा हस्तलिखित आणि संगणकीकृत उताऱ्यांत असंख्य तफावती निघाल्या. कुणाचे क्षेत्र बदलले, कुणाचे नाव गळाले. तेव्हा गावागावांत चावडी वाचन झाले. उतारे लोकांसमोर मोठ्याने वाचायचे आणि ज्याचे चुकले असेल त्याने तिथेच सांगायचे. साठवलेल्या माहितीची पडताळणी म्हणजे हेच. फरक एवढाच की ठसा यंत्राने जुळतो आणि चावडी वाचन माणसांनी होते. दोन्ही लागतात, का ते पुढे पाहू. डिजिटल स्वाक्षरीचा जो सातबारा आपण आज काढतो, त्यामागेही हाच ठसा असतो. स्वाक्षरीनंतर त्या फाइलमध्ये कुणी बदल केला तर स्वाक्षरी जुळत नाही. मात्र त्याची छापील झेरॉक्स काढली की हे संरक्षण संपते. ताडून पाहायचे तर फाइलच लागते.

ठसा काय सांगत नाही

ठशाबद्दल भाबडेपणाही नको. ठसा एवढेच सांगतो की घेतल्या क्षणापासून फाइल बदललेली नाही. त्या क्षणी ती खरी होती की नाही, हे तो सांगत नाही.

२०१३ च्या ऑगस्टमध्ये डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने एक धक्कादायक गोष्ट दाखवली. एका इमारतीचा नकाशा झेरॉक्स कंपनीच्या यंत्रावर स्कॅन केल्यावर खोल्यांच्या क्षेत्रफळाचे आकडे बदलत होते. अक्षर पुसट नव्हते. स्वच्छ, ठळक, पण वेगळाच आकडा. फाइल लहान करण्यासाठी यंत्र एकसारख्या दिसणाऱ्या तुकड्यांच्या जागी एकच तुकडा वापरत होते आणि त्यात ६ च्या जागी ८ बसत होता. कंपनीने नंतर दुरुस्ती पुरवली. पण त्याआधी अशा यंत्रांतून गेलेल्या कागदांचे काय? अशा स्कॅनचा ठसा घेतला तर तो चुकीच्या आकड्याचाच ठसा असेल, आणि दरवर्षी बरोबर जुळेल. म्हणून स्कॅन झाल्यावर मूळ कागदाशी माणसाने ओळीने ओळ ताडणे आणि मूळ कागद न टाकणे, याला पर्याय नाही.

दुसरे उदाहरण आपल्या जिव्हाळ्याच्या विषयातले. एल्गार परिषद प्रकरणात आरोपी रोना विल्सन यांच्या संगणकात व्हायरसच्या मार्गाने कागदपत्रे घुसवली गेली, असा निष्कर्ष अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने फेब्रुवारी २०२१ मध्ये मांडला. ही तपासणी बचाव पक्षाच्या वतीने झाली होती. तो निष्कर्ष टिकतो की नाही, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. पण कार्यकर्त्यांनी यातून दोन गोष्टी घ्याव्यात. जप्तीच्या क्षणीच उपकरणाची हॅश व्हॅल्यू घेऊन ती लेखी मागणे, कारण जप्तीनंतरचा फेरफार त्याने पकडता येतो. आणि जप्तीआधीचा फेरफार त्याने पकडता येत नाही, म्हणून स्वतःच्या संगणकाची निगा आधीपासून राखणे.

कायदाही आता ठसा मागतो

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला. त्याच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागते, आणि त्या प्रमाणपत्राच्या नमुन्यातच हॅश व्हॅल्यू लिहायची जागा आहे. नमुन्याचे दोन भाग आहेत. एक पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने.

प्रमाणपत्राचे महत्त्व याआधीच ठरले होते, आणि तेही आपल्या जालन्याच्या खटल्यात. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या निवडणूक वादात उमेदवारी अर्ज वेळेत भरला गेला का, हा प्रश्न होता. निवडणूक कार्यालयातले चित्रीकरण पुरावा म्हणून पुढे आले, पण त्यासोबत प्रमाणपत्र नव्हते. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नक्कल सादर करायची तर प्रमाणपत्र बंधनकारक आहे. मूळ उपकरणच सादर केले तर त्याची गरज नाही.

हे आपल्या कामात कुठे लागते? अत्याचार घडतो. कुणीतरी मोबाइलवर चित्रण करते. तो व्हिडिओ व्हॉट्सॲपवर जातो, दहा ग्रुपांत फिरतो, कुणी त्यावर गाणे घालतो, कुणी कापतो. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो, म्हणजे पहिल्याच पाठवणीत त्याचा ठसा बदलतो. महिन्याने तपास अधिकारी मूळ चित्रण मागतात तेव्हा चित्रण करणाऱ्याने जागा करण्यासाठी ते पुसलेले असते. हजारो लोकांनी पाहिलेला प्रसंग, पण मूळ पुरावा एकाकडेही नाही. आपला संताप शाबूत राहतो, पुरावा राहत नाही.

सरकारकडूनही इथे हिशेब मागता येतो. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १५अ (१०) प्रमाणे या कायद्याखालील सर्व कामकाजाचे चित्रीकरण झाले पाहिजे. हे चित्रीकरण कुठे साठवले जाते, त्याचा ठसा नोंदवला जातो का, दुसरी प्रत कुठे असते, हे प्रश्न जिल्हा दक्षता व संनियंत्रण समितीच्या बैठकीत विचारायला हवेत.

बिघाड सगळ्यांना सारखा लागत नाही

हार्ड डिस्क जात पाहून बिघडत नाही. पण बिघाडाची किंमत जात आणि वर्ग पाहूनच वसूल होते. ज्याच्या घरी खरेदीखते, वकील आणि तीन पिढ्यांचे कागद आहेत, त्याची एक फाइल गेली तर दुसरी असते. ज्यांच्या आजोबांकडे जमीन नव्हती, ज्यांच्या घरातली पहिली पिढी शाळेत गेली, त्यांच्याकडे बऱ्याचदा एकच नोंद असते. शाळेच्या रजिस्टरमधली एक ओळ, किंवा गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीतली एक ओळ.

बौद्ध कुटुंबांसाठी त्यात आणखी एक पेच आहे. धर्मांतरानंतरच्या पिढीच्या कागदावर 'बौद्ध' असते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या यादीचे संरक्षण मिळाले, पण दावा सिद्ध करताना पूर्वाश्रमीच्या जातीची नोंद लागतेच. म्हणजे वाट पुन्हा आजोबांच्या त्याच जुन्या ओळीपाशी येते. आणि महाराष्ट्राच्या जात प्रमाणपत्र कायद्याच्या कलम ८ प्रमाणे दावा सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची असते. रजिस्टर कार्यालयाच्या ताब्यात, स्कॅन कार्यालयाच्या सर्व्हरवर, बिघाड त्यांच्या यंत्रात, आणि सिद्ध करायचे विद्यार्थ्याने.

इथे नवा कायदा थोडा उपयोगी पडू शकतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ च्या कलम ८ मध्ये म्हटले आहे की ज्या वैयक्तिक माहितीच्या आधारे एखाद्या व्यक्तीबाबत निर्णय होणार आहे, ती माहिती पूर्ण, अचूक आणि सुसंगत ठेवणे हे ती वापरणाऱ्याचे कर्तव्य आहे. माहितीची अखंडता हा केवळ संगणक विभागाचा विषय न राहता नागरिकाचा हक्क होतो, तो असा. या तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात येत आहेत. आतापासूनच आपल्या अर्जांत त्यांचा उल्लेख करण्याची सवय लावून घेऊ.

मागायचे काय, करायचे काय

सरकारकडे आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. स्कॅन झाले म्हणून मूळ रजिस्टर रद्दीत काढू नये. स्कॅन मूळाशी ताडल्याची सही असलेली नोंद असावी. नागरिकाला दिली जाणारी डिजिटल नक्कल डिजिटल स्वाक्षरीची असावी, साधा फोटो नको. जुन्या नोंदींचे चावडी वाचनासारखे जाहीर वाचन व्हावे. बॅकअप परत काढून पाहिल्याची तारीख कार्यालयाने जाहीर करावी. आणि कार्यालयाच्या ताब्यातली नोंद बिघडली असेल तर त्याचा भार अर्जदारावर टाकू नये.

सरकारकडे बोट दाखवताना आपल्या कपाटाकडेही पाहावे लागेल. त्या फाइलनंतर आम्ही आमच्या कामात पुढील नियम घालून घेतले. कुठल्याही गावातल्या मंडळाला ते जमण्यासारखे आहेत.

१. प्रत्येक महत्त्वाच्या फाइलच्या तीन प्रती, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक दुसऱ्या गावी, दुसऱ्या माणसाकडे. एक प्रत कायम इंटरनेट आणि संगणकापासून तोडलेली.

२. स्कॅन झाल्याबरोबर दोघांनी मिळून कागद आणि पडदा ताडायचा. एकाने कागद वाचायचा, दुसऱ्याने पडद्यावर पाहायचे. नाव, जात, तारीख आणि नोंद क्रमांक मोठ्याने.

३. त्यानंतर लगेच ठसा घ्यायचा. तो यादीच्या फाइलमध्ये ठेवायचा, छापून वहीत चिकटवायचा आणि दोघांनी सही करायची. ठशांची एकमेव यादी त्याच डिस्कवर ठेवली तर चोर आणि किल्ली एकाच घरात.

४. वर्षातून दोनदा सगळे ठसे पुन्हा जुळवायचे. आम्ही एकदा वर्षावासात करतो, कारण तेव्हा विहारात लोक नियमित येतात, आणि एकदा जानेवारीत. न जुळणारी फाइल पुसायची नाही आणि तिच्यावर काही लिहायचेही नाही. आधी दुसरी प्रत तपासायची, ती चांगली निघाली की तिच्यावरून नवी काढायची.

५. त्याच दिवशी काही फायली वेगळ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून पाहायच्या. चार-पाच वर्षे झालेली डिस्क चालत असली तरी महत्त्वाच्या कामातून निवृत्त करायची.

६. घटनेचे चित्रण असेल तर मूळ फोन आणि मूळ फाइल जपायची. कापायची नाही, पुसायची नाही. पाठवायचीच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायची, म्हणजे ती दाबली जात नाही. ठसा, तारीख, वेळ आणि चित्रण करणाऱ्याचे नाव त्याच दिवशी लिहून ठेवायचे.

७. हे कागद लोकांचे आहेत, संघटनेचे नाहीत. संमती घेऊन ठेवायचे, पासवर्ड लावून ठेवायचे आणि संपूर्ण संच त्या कुटुंबालाही द्यायचा.

यातले काहीही महाग नाही. दोन हार्ड डिस्क, एक वही आणि वर्षातले दोन रविवार. अडचण पैशाची नाही, कंटाळ्याची आहे. स्कॅनिंग शिबिराचे फोटो येतात, बॅनर लागतो. ठसे जुळवण्याच्या दुपारचा फोटो कुणी काढत नाही. पण संगणक हाताळता येणाऱ्या प्रत्येक तरुणाला वस्तीसाठी करता येईल असे हे ठोस काम आहे आणि त्याला भाषण येण्याची अट नाही.

गेल्या जानेवारीत आम्ही पहिल्यांदा सगळे ठसे जुळवले. दोन फायली जुळल्या नाहीत. त्यातली एक एका आजीच्या मुलाखतीची ध्वनिफीत होती. आजी आता नाहीत, त्यामुळे ती पुन्हा घेता आली नसती. दुसऱ्या गावी ठेवलेली प्रत मागवली, ठसा जुळला, आवाज जसाच्या तसा परत आला. शेवटपर्यंत ऐकून मगच आम्ही वहीत सही केली. तुमच्या कपाटातली डिस्क शेवटची कधी तपासली होती?